प्रबंधाच्या प्रकरणांतच विश्लेषणाचा कोड ठेवावा का?

पागोळी

नमस्कार. मी कृषी हवामानशास्त्रात पीएच.डी. करत असून महाराष्ट्रातील मोसमी पावसातले खंड हा माझा विषय आहे. भारतीय हवामान विभागाची पाव अंशाच्या ग्रिडवरची (म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या चौकोनांच्या जाळीवरची), १९०१ पासूनची रोजच्या पावसाची माहिती मी वापरते. विश्लेषण ‘आर’ या सांख्यिकीच्या संगणकभाषेत चालते, तिथले आकडे एक्सेलमध्ये जातात, एक्सेलमधला तक्ता वर्डमध्ये चिकटवला जातो आणि आलेख चित्र म्हणून त्याच्याखाली बसतो. आजवर या पद्धतीत मला काही वावगे वाटले नव्हते.

गेल्या महिन्यात मार्गदर्शकांनी एका ओळीची सूचना केली : सरासरीसाठी १९६१ ते २०१० हा कालखंड न धरता १९७१ ते २०२० धरावा. सूचना रास्त होती, कारण हवामान विभागानेच २०२२ मध्ये हा बदल केला आणि देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी ८८०.६ मिलिमीटरवरून ८६८.६ मिलिमीटरवर आली. कोडमध्ये मला फक्त दोन वर्षे बदलावी लागली. त्यानंतर मात्र ३१ तक्ते, ४४ आलेख आणि मजकुरात विखुरलेले आकडे हाताने बदलण्यात ९ दिवस गेले, आणि दहाव्या दिवशी लक्षात आले की चौथ्या प्रकरणातला एक तक्ता जुनाच राहिला आहे. आता असे आणखी किती राहिले असतील, हे मला सांगता येत नाही.

प्रयोगशाळेतली एक मैत्रीण म्हणते की, प्रकरणे क्वार्टो या साधनात लिहावीत, म्हणजे कोड मजकुरातच राहतो आणि प्रकरण रेंडर केले, म्हणजे त्याची अंतिम फाइल तयार केली, की आकडे, तक्ते व आलेख आपोआप नवे होतात. माझ्या हाती १४ महिने आहेत, निम्मा प्रबंध वर्डमध्ये लिहून झाला आहे आणि मार्गदर्शक वर्डखेरीज काहीही वाचत नाहीत. या टप्प्यावर घर बदलावे का?

बिनचूक

बदलावे. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रकरणाची फाइल साध्या मजकुराची असते. तिच्यात परिच्छेदांच्या मधोमध कोडचे तुकडे असतात आणि वाक्यातसुद्धा जिथे आकडा हवा तिथे आकडा न लिहिता तो काढणारी सूचना लिहिलेली असते. रेंडर करताना आधी कोड चालतो, त्याचे उत्तर त्या जागी बसते आणि मग पँडॉक हे फाइलींचे रूप बदलणारे साधन त्यातून पीडीएफ किंवा वर्ड फाइल तयार करतो. छापील प्रतीत कोड दिसावा की नाही, हे आपण प्रत्येक तुकड्यापुरते ठरवू शकतो, त्यामुळे परीक्षकांच्या हाती पडणारा प्रबंध इतर कोणत्याही प्रबंधासारखाच दिसतो.

तुमच्या बाबतीत सरासरीचा कालखंड सुरुवातीच्या एकाच फाइलीत लिहिलेला असता, तर ९ दिवसांचे काम एका दुपारचे झाले असते. मुख्य म्हणजे ‘आणखी किती राहिले असतील’ हा प्रश्नच उरला नसता.

आडवा छेद

मी विरुद्ध मत मांडतो, आणि ते अनुभवाने मांडतो. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी मी हेच स्थलांतर केले. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे डावा समास दीड इंच, दुहेरी ओळअंतर, तक्त्याचे शीर्षक वर आणि आकृतीचे खाली, सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे, अशा साच्यात ते बसवण्यात माझे साडेचार महिने गेले. त्या काळात मी एकही नवे पान लिहिले नाही, मात्र रोज संध्याकाळी खूप काम झाल्याचे समाधान मिळत असे. साधन सुधारत बसणे हा लेखन टाळण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे, कारण त्याला कोणी आळस म्हणत नाही.

१४ महिने आणि निम्मा प्रबंध शिल्लक अशी स्थिती असेल, तर पागोळीताईंनी वर्डमध्येच राहावे आणि प्रत्येक तक्त्याखाली तो कोणत्या स्क्रिप्टमधून, कोणत्या तारखेला काढला हे लिहून ठेवावे, असे माझे मत आहे.

अर्धविराम

तारीख लिहून ठेवण्याची पद्धत मीही पाळली होती. माझ्या फोल्डरमध्ये ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरे अंतिम’ आणि ‘सरांनी पाहिलेले अंतिम’ अशा चार फाइली होत्या आणि चारींवर तारीख एकच होती.

तळटीप

मार्गदर्शक वर्डच वाचतात, ही अडचण वाटते त्याहून मोठी आहे. क्वार्टोमधून वर्ड फाइल उत्तम निघते, पण रस्ता एकेरी आहे. मार्गदर्शक त्या फाइलीत लाल अक्षरांत दुरुस्त्या करतात, समासात टिपा लिहितात, आणि त्या मूळ फाइलीत आपोआप परत येत नाहीत. मी दोन पडदे शेजारी ठेवून प्रत्येक दुरुस्ती हाताने मूळ फाइलीत उतरवत असे. ४० पानांच्या प्रकरणाला साधारण एक दिवस लागे. त्याचा अनपेक्षित फायदा असा झाला की, प्रत्येक दुरुस्ती स्वीकारण्यापूर्वी ती मला वाचावी लागली. वर्डमध्ये ‘सर्व स्वीकारा’ हे बटण दाबण्याची सवय फार वाईट असते.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवते. माझ्या मार्गदर्शकांनी एकदा तक्त्यातलाच एक आकडा खोडून दुसरा लिहिला होता. मी तो उतरवू शकले नाही, कारण तो आकडा फाइलीत नव्हताच, तिथे फक्त तो काढणारा कोड होता. मी सरांना तसे सांगितल्यावर आमच्यात अर्धा तास चर्चा झाली आणि शेवटी दोघांनाही कळले की, ते उत्तर भारांकित (प्रत्येक नोंदीला कमी-जास्त भार देणाऱ्या) सरासरीचे धरत होते आणि मी साध्या सरासरीचे दिले होते. वर्डमध्ये असते तर मी त्यांचा आकडा मुकाट्याने टंकला असता.

पागोळी

तळटीपताई, हा शेवटचा प्रसंग वाचून मन थोडे क्वार्टोकडे झुकले आहे. आडवा छेद यांचे साडेचार महिने वाचून पुन्हा मागे आले. विद्यापीठाच्या साच्यासाठी कोणी सोपा मार्ग काढला आहे का?

तळटीप

आहे. साचा शेवटी करावा. तोवर विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे समास व अक्षरे ठेवलेली एक नमुना वर्ड फाइल क्वार्टोला द्यावी, तो तिच्यातल्या शैली उचलतो. उरलेली मुखपृष्ठे, प्रमाणपत्रे आणि ऋणनिर्देश अगदी शेवटच्या आठवड्यात वेगळे करून पीडीएफमध्ये जोडावेत. ‘सादर केलेल्या प्रबंधाचे मुखपृष्ठ पुनरुत्पादनक्षम होते का,’ असे मौखिक परीक्षेत अजून कोणी कोणाला विचारलेले नाही.

जुना विद्यार्थी

ही कल्पना आजची नाही, म्हणून थोडी मागची गोष्ट सांगतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार प्रोग्रॅम माणसाने वाचावा अशा लेखासारखा लिहायचा आणि एकाच फाइलीतून एकीकडे छापील मजकूर, तर दुसरीकडे चालणारा कोड काढायचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डमधले भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन क्लेअरबाउट यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांनाच हा नियम लावला : आकृती पुसून टाकली, तर एका आज्ञेत ती पुन्हा तयार झाली पाहिजे. त्यांचे कारण तत्त्वज्ञानाचे नव्हते, घरगुती होते. विद्यार्थी पदवी घेऊन गेला की त्याचे काम पुढच्या विद्यार्थ्याला उभे करता येत नसे. पुढे ‘आर’चा कोड मजकुरात गुंफणारी साधने निघाली : २००२ मध्ये फ्रीड्रिख लाइश यांचे स्वीव्ह आले, २०१२ मध्ये यिहुई शे यांचे निटर आले आणि २०२२ मध्ये क्वार्टो. आमच्या काळात संगणक केंद्रातून रुंद कागदावरचे प्रिंटआउट यायचे आणि त्यावरून टंकलेखक आकडे वाचून टंकत असे. सहसंबंध गुणांक एकाहून मोठा असूच शकत नाही, पण माझ्या प्रबंधातला एक १.३२ छापला गेला आहे. तो अजून ग्रंथालयात आहे.

अर्धविराम

काका, एकापेक्षा मोठा सहसंबंध म्हणजे केवढी ती आपुलकी!

राईनकाठ

मी जर्मनीत परिसरशास्त्रात प्रबंध केला आणि तो पूर्ण कोडसह लिहिला होता, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. कोड मजकुरात आहे एवढ्याने उद्या तेच उत्तर येईल, असे समजू नये. माझ्या दुसऱ्या प्रकरणात नमुने पुन्हा पुन्हा यादृच्छिक निवडून विश्वासांतर (उत्तर कोणत्या मर्यादांत असावे तो पल्ला) काढले होते आणि निवड दर वेळी तीच यावी म्हणून बीजसंख्या नेमून दिली होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. एप्रिल २०१९ मध्ये ‘आर’ची ३.६.० ही आवृत्ती आली, मी ती घेतली, प्रकरण रेंडर केले आणि दुसऱ्या दशांशस्थळी सगळी विश्वासांतरे हलली. दोन दिवस मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत होतो. त्या आवृत्तीत यादृच्छिक निवडीची मूळ पद्धतच सुधारली होती, त्यामुळे तीच बीजसंख्या दिली तरी निवड वेगळी होत होती. बदलाची नोंद प्रसिद्धीपत्रकात स्पष्ट होती, मीच ती वाचली नव्हती.

वर्षभराने ४.० आवृत्तीने मजकुराचे स्तंभ वाचण्याची पूर्वापार पद्धत बदलली, तेव्हा मात्र मी शहाणा झालो होतो. रेन्व्ह हे पॅकेज प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती एका फाइलीत नोंदवून ठेवते आणि दुसऱ्या संगणकावर तीच आवृत्ती उतरवून देते. ‘आर’ची स्वतःची आवृत्ती ते फक्त नोंदवते, बसवून देत नाही, हे ध्यानात ठेवावे. प्रबंध सादर होईपर्यंत ‘आर’ अद्ययावत न करणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बिनचूक

राईनकाठ यांच्या मुद्द्याला जोडून एक सापळा सांगतो, कारण नवखा माणूस यात हमखास सापडतो. जड कोड दर वेळी चालू नये म्हणून क्वार्टोमध्ये निकाल गोठवून ठेवण्याची सोय आहे. ती ‘आपोआप’वर ठेवली की, प्रकरणाची फाइल बदलली तरच कोड पुन्हा चालतो. पण प्रकरणाची फाइल तीच राहिली आणि तिच्यातून वाचली जाणारी माहितीची फाइल बदलली, तर क्वार्टोला त्याचा पत्ता लागत नाही. तो जुनाच निकाल नव्या पीडीएफमध्ये छापतो, आणि पीडीएफवर आजची तारीख असते. निटरच्या साठवणीतही हाच प्रकार आहे, कारण तिला कोड बदललेला कळतो, माहिती बदललेली सांगावी लागते. म्हणून सादर करण्यापूर्वी साठवलेले सगळे पुसून, शून्यापासून एकदा संपूर्ण प्रबंध रेंडर करावा, आणि तोही शक्यतो दुसऱ्याच्या संगणकावर.

आणखी एक बारीक गोष्ट. एक्सेलमधून ‘आर’मध्ये आलात की काही तक्त्यांत शेवटचा अंक बदललेला दिसेल. घाबरू नये. एक्सेल २.५ चे ३ करते, ‘आर’ आणि पायथन २ करतात, कारण बरोबर अर्ध्यावरचा आकडा ते सम अंकाकडे नेतात.

कोरडवाहू

मी थोडी वेगळी तक्रार मांडते. आकडे आपोआप बदलतात याचे सर्वांना कौतुक आहे, पण वाक्ये आपोआप बदलत नाहीत. माझ्या प्रबंधात एक वाक्य होते : ‘या तालुक्यात पेरणीक्षेत्र अमुक टक्क्यांनी घटले, यावरून शेतकरी कडधान्यांकडून दूर गेल्याचे दिसते.’ ‘अमुक’च्या जागी कोड होता. माहितीतल्या दोन दुबार नोंदी काढल्यावर तो आकडा उणे झाला. रेंडर केलेल्या प्रतीत ‘पेरणीक्षेत्र उणे १.८ टक्क्यांनी घटले’ असे छापून आले, म्हणजे क्षेत्र वाढले होते आणि माझा शेतकरी मात्र अजूनही कडधान्यांकडून दूर जातच होता. हाताने आकडा बदलावा लागला असता, तर ते वाक्य डोळ्यांखालून गेले असते. आपोआप बदलल्यामुळे ते गेले नाही. समितीच्या बैठकीत बाहेरच्या तज्ज्ञांनी तेवढेच वाक्य मोठ्याने वाचले.

आडवा छेद

कोरडवाहूताईंनी माझ्या मनातले मांडले. आकडा टंकण्याचे कष्ट निरर्थक असले, तरी त्या कष्टांत वाचन होते.

बिनचूक

तसे म्हटले तर हाताने प्रती काढणाऱ्या लेखनिकांचे वाचनही छापखान्याने बुडवले. पण मुद्दा खरा आहे, आणि त्यावर उपाय आहे. ज्या वाक्याचा अर्थ आकड्याच्या चिन्हावर अवलंबून असेल, त्याच्या शेजारी कोडमध्ये एक अट घालून ठेवावी : आकडा शून्याहून मोठा नसेल, तर रेंडर करणे थांबवावे. मग प्रकरण तयारच होत नाही आणि आपल्याला त्या वाक्याकडे जावेच लागते. ‘घटले’ आणि ‘वाढले’ हे शब्दसुद्धा कोडने निवडायला लावणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये. आकडा संगणकाने द्यावा आणि क्रियापद माणसाने.

कोरडवाहू

ही अट घालण्याची युक्ती आधी कळली असती, तर एक बैठक सुखाची झाली असती. उतरवून घेतली आहे.

शिरोरेखा

माझा प्रबंध अर्थशास्त्राचा असून मराठीत आहे. मजकूर क्वार्टोतून झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीमार्फत उत्तम निघतो, पण आलेखांवरची अक्षरे तुटतात. पायथनमध्ये काढलेल्या आलेखावर ‘किंमत’ या शब्दातली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते आणि ‘क्विंटल’ तर ओळखूच येत नाही. मी हतबल होऊन आलेखांवर इंग्रजी शब्द ठेवले आहेत. कोणी यातून वाट काढली आहे का?

राईनकाठ

पायथनमध्ये आलेख काढणारे नेहमीचे साधन अक्षरे एकापुढे एक ठेवते, जोडाक्षरांचे नियम लावत नाही, म्हणून असे होते. आलेख झीलाटेकमार्फतच काढून घेण्याची सोय त्यात आहे. तसे केले की मजकुराची आणि आलेखाची अक्षरे एकाच यंत्रणेतून येतात. ‘आर’मध्ये असाल तर साधे पीडीएफ साधन वापरू नका. कैरोचे पीडीएफ किंवा रॅग हे पॅकेज वापरा, त्यांत देवनागरी नीट जुळते. वाक्यातले आकडे मराठीत हवे असतील, तर दहा अंकांची अदलाबदल करणारे दोन ओळींचे फंक्शन लिहून प्रत्येक आकडा त्यातून काढावा.

शिरोरेखा

कैरोने जमले! ‘क्विंटल’ पाहून डोळे निवले. आभारी आहे.

जुना विद्यार्थी

कोड दाखवण्याचे महत्त्व कोणाला पटत नसेल, तर अर्थशास्त्रातलेच उदाहरण पाहावे. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढीचा वेग कोसळतो, असे कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये मांडले. थॉमस हर्नडन नावाच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला एका वर्गात गृहपाठ म्हणून प्रसिद्ध निबंधातले आकडे पुन्हा काढायचे होते, आणि ते निघेनात. लेखकांनी त्याला मूळ एक्सेल फाइल पाठवली, हा त्यांचा मोठेपणा. फाइलीत सरासरीच्या सूत्राची व्याप्ती पाच ओळी आधीच संपली होती आणि ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे देश बाहेर राहिले होते. उणे ०.१ टक्के म्हणून छापलेली सरासरी हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांच्या २०१३ च्या हिशेबात २.२ टक्के आली.

बिनचूक

काका, गोष्ट खरी आहे, पण एक पुरवणी जोडतो. त्या फरकाचा मोठा भाग सुटलेल्या पाच ओळींमुळे नव्हता. काही देशांची काही वर्षे वगळणे आणि देशांना भार देण्याची पद्धत, या दोन निवडींमुळे तो आला होता. एक्सेलची चूक लोकांच्या लक्षात राहिली, कारण ती हसण्यासारखी होती. माझ्या मते कोड उघड ठेवण्याचा खरा उपयोग चुका सापडण्यात कमी आणि अशा निवडी दिसण्यात जास्त आहे. ‘योग्य ती वर्षे विचारात घेतली’ या वाक्यात काय काय मावते, हे कोडमध्येच कळते.

नकाशा

पागोळीताई जिल्हानिहाय काम करत असतील, तर एक इशारा देतो. जिल्ह्याच्या नावावरून दोन तक्ते जोडू नयेत. ठाण्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे ‘ठाणे’ एक नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, पुढे अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुना तक्ता नव्याला जोडला की या ओळी गळतात, आणि गळताना आवाज होत नाही. माझ्याकडे त्याहून गमतीचे झाले होते. देशभराच्या माहितीत माझ्या औरंगाबादला जोडीदार सापडला, तो बिहारमधला औरंगाबाद निघाला. दोन महिने माझ्या मराठवाड्यात बिहारचे भातक्षेत्र होते. जनगणनेचे जिल्हा क्रमांक वापरावेत आणि जोडणी झाल्यावर ओळींची संख्या तीच राहिली का, हे कोडनेच तपासावे.

आडवा छेद

मी माझ्या मूळ मतापासून थोडा सरकलो आहे, ते नोंदवतो. प्रकरणात कोड ठेवण्याला माझा विरोध होता, त्याचे एक कारण असे की, लोक सगळाच कोड प्रकरणात ठेवतात. पागोळीताईंच्या माहितीचे गणित मांडून पाहा. १३५ गुणिले १२९ चौकोन, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे एका वर्षाची फाइल सुमारे २५ मेगाबाइटची आणि १२० वर्षांचे ३ गिगाबाइट होतात. एक स्वल्पविराम बदलण्यासाठी एवढे सगळे पुन्हा वाचले जाऊ लागले, तर माणूस स्वल्पविराम बदलणार नाही.

त्यामुळे जड काम वेगळ्या स्क्रिप्टमध्ये करावे : कच्ची माहिती वाचणे, स्वच्छ करणे, जिल्हानिहाय लहान तक्ते करून ठेवणे. कशावर काय अवलंबून आहे हे मेक या जुन्या साधनाला किंवा ‘आर’मधल्या टार्गेट्सला सांगून ठेवले की, माहितीची फाइल बदलल्यावर तेवढाच पुढचा भाग पुन्हा चालतो, आणि बिनचूक यांनी सांगितलेला सापळाही बराच टळतो. प्रकरणात फक्त त्या लहान तक्त्यांवरून आकृती काढणारे आणि वाक्यात आकडा ठेवणारे चार-सहा ओळींचे तुकडे असावेत. एवढे करायचे असेल आणि साच्याला हात लावायचा नसेल, तर १४ महिन्यांत ते बसेल, असे मला आता वाटते. प्रयोग म्हणून एकच प्रकरण हलवून पाहावे आणि ते सर्वांत लहान नव्हे, तर सर्वांत त्रासदायक असावे.

ओवी

कोड आणि माहिती विद्यापीठाला द्यायची कशी? आमच्याकडे सीडी मागतात. शिवाय मजकूर-साम्याच्या तपासणीत कोडमुळे टक्केवारी वाढते का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच मोकळीक आहे.

तळटीप

छापील प्रबंधात कोड दाखवूच नका, म्हणजे प्रश्न येत नाही. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संग्रहावर प्रबंध जातो, कोड झेनोडोवर ठेवता येतो. ते सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेचे भांडार असून प्रत्येक संचाला कायमचा क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक परिशिष्टात एका ओळीत छापता येतो. कच्ची माहिती मात्र जपून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय माहिती नोंदणी करून मिळते आणि ती पुढे कोणाला देता येत नाही. अशा वेळी माहिती न ठेवता, ती कुठून आणि कोणत्या नावाच्या फाइलीत मिळते हे लिहून, तिच्यावर चालणारा कोड ठेवावा. सीडीत पीडीएफ द्यावी. आमच्या कार्यालयातल्या संगणकाला सीडी वाचण्याची सोय नव्हती, पण पोच मिळाली.

पागोळी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, त्याचे कारण सांगते.

आडवा छेद यांच्या सल्ल्याप्रमाणे सर्वांत त्रासदायक, म्हणजे कोरड्या दिवसांचे चौथे प्रकरण हलवायला घेतले. मूळ फाइलीतून सुरुवात करायची म्हणून तीन वर्षांपूर्वीचा कोड ओळीओळीने पुन्हा वाचला. हवामान विभागाच्या ग्रिडमध्ये जिथे माहिती नाही, उदाहरणार्थ समुद्रावर, तिथे उणे ९९९ लिहिलेले असते. सरासरी काढताना मी ते वगळले होते. कोरडे दिवस मोजताना वगळायचे राहिले होते. कोरडा दिवस म्हणजे २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, आणि उणे ९९९ हे २.५ पेक्षा कमीच आहे. कोकणातल्या जिल्ह्यांच्या हद्दीला स्पर्श करणारे समुद्रावरचे चौकोन मी जिल्ह्यात धरले होते, त्यामुळे त्या चौकोनांत जून ते सप्टेंबरचे सगळे १२२ दिवस, दर वर्षी, कोरडे मोजले गेले. अरबी समुद्रात मी १२० वर्षे दुष्काळ पाडला होता.

उत्तर उघड चुकीचे दिसले असते तर लक्षात आले असते. पण इतर चौकोनांत मिसळून सिंधुदुर्गाचा आकडा फक्त थोडा जास्त दिसत होता, आणि त्यावर मी ‘किनारपट्टीवरील खंडांचे वेगळे स्वरूप’ असा दीड पानांचा परिच्छेद लिहिला होता. मार्गदर्शकांनी त्याच्या समासात ‘छान’ असे लिहिले आहे.

अर्धविराम

या धाग्यावर विनोद करण्याचे काम माझ्याकडे आहे, पण इथे माझे हात थांबले.

कोरडवाहू

पागोळीताई, प्रबंध अजून सादर झालेला नाही, तेव्हा वेळेत सापडले म्हणायचे. त्या प्रकरणावर शोधनिबंध तर प्रसिद्ध केलेला नाही ना?

पागोळी

केला आहे, गेल्या वर्षी. तीन जिल्ह्यांचे आकडे बदलतात. मराठवाडा आणि विदर्भाचे तसेच राहतात, कारण तिथे समुद्र नाही. मुख्य निष्कर्ष टिकतो, किनारपट्टीचा परिच्छेद मात्र पूर्ण पडतो.

मार्गदर्शकांकडे मी छापील तक्ता न नेता लॅपटॉप नेला आणि त्यांच्यासमोर उणे ९९९ वगळणारी कोडची ओळ आधी काढून आणि मग घालून प्रकरण दोनदा रेंडर करून दाखवले. ते बराच वेळ सिंधुदुर्गाची ओळ पाहत होते. मग त्यांनी विचारले, की उरलेली दोन प्रकरणेही अशीच करायला किती दिवस लागतील. मी दोन महिने म्हणाले. ते म्हणाले, तीन घ्या, पण त्याआधी संपादकांना पत्र लिहा.

तळटीप

पत्रात काय बदलले, का बदलले आणि काय बदलत नाही, हे तीन परिच्छेदांत लिहा. दुरुस्त तक्ता आणि कोडचा कायमचा क्रमांक जोडा. माफी एका वाक्यात पुरते.

पागोळी

आज सकाळी पाठवले. माफीची तीन वाक्ये झाली होती, त्यातली दोन मार्गदर्शकांनी खोडली. ती दुरुस्ती वर्डमध्येच होती.